कोरडे कप

"कप संपले. ओंजळ धर."

मी धरली. समोर मंडळीचे वडील उभे होते. आमच्यात चर्चमधल्या मोठ्या, मानाच्या माणसाला मंडळीचे वडील म्हणतात. त्यांच्या हातात स्टीलचा जग होता. तो त्यांनी वर उचलला. इतका वर, की जगाची चोच माझ्या बोटांना चुकूनही लागू नये. काळ्या मनुका उकळून केलेला रस धारेने तळहातावर पडला, उडाला, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला आणि माझ्या पांढऱ्या फ्रॉकवर टपटपला. फ्रॉक बाप्तिस्म्यासाठी मिळाला होता. कुणाचा तरी जुना, पण पांढराशुभ्र. आदल्या दिवशी ओढ्यात बुडवून मला देवाचं लेकरू केलं होतं. आणि हे माझं पहिलं प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकरी आणि रस घ्यायचा विधी.

पुढच्या रांगेतली माझ्याच वयाची एक मुलगी मागे वळून बघत होती. तिच्या हातात बोटाएवढा काचेचा कप होता. ती आईला म्हणाली, "मम्मी, ही बघ कशी चाटतेय."

तिच्या आईने तिला चापट दिली. "प्रार्थनेत बोलायचं नाही," म्हणाली. बाकी काही म्हणाली नाही.

मी खरंच चाटत होते. हे येशूचं रक्त आहे असं शिकवलं होतं, मग ते सांडलं तर केवढं पाप लागेल! म्हणून मनगट चाटलं, हात चाटला. कोपरापर्यंत जीभ पोचत नाही, तेव्हा रडू आलं. शेजारी माझी आई बसली होती. तिने तिची ओंजळ एका घोटात संपवली, ओले हात डोक्यावरून फिरवले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गोड हाय ना गो?"

गोड होतं. खोटं कशाला बोलू.

आम्ही कातकरी. उंबरमाळी स्टेशनला रूळ ओलांडून डोंगराला लागलं की वर आमची वाडी. कारवीच्या कुडाची घरं, आता काहींवर सरकारी पत्रा. दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. बाप भट्टीवरच गेला, दारूने. गावात आम्हाला पाणी वरून मिळायचं. दुकानात सामान फळीवर ठेवायचे, हातात नाही. शाळेत माझी थाळी वेगळी पडायची, तिला खूण म्हणून कुणीतरी खिळ्याने ओरखडा मारला होता. हे सगळं मला माहीत होतं. त्याचं मला नवल नव्हतं. ते जगाचं होतं, देवाचं नव्हतं, अशी माझी समजूत.

देव आमच्या वाडीत आला तो एका म्हाताऱ्याच्या पायांनी. प्रचारक होता. उंबरमाळीला उतरून एकटाच चढून यायचा. आम्ही पोरं त्याला आजा म्हणायचो. पहिल्यांदा आला तेव्हा उन्हाने लालबुंद झाला होता. वाडीतलं पहिलं घर माझ्या आत्याचं, बापाच्या थोरल्या बहिणीचं. तिच्या ओसरीवर तो बसला आणि पाणी मागितलं. आत्याने आमच्या रीतीप्रमाणे तांब्या उचलला आणि म्हणाली, "ओंजळ धरा, वरून घालते." कारण बाहेरचं माणूस आमच्या भांड्याला तोंड लावत नाही. म्हातारा म्हणाला, "ओंजळ कशाला? पेला नाही का तुझ्याकडे?"

आत्याकडे जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, एकच पेला होता. कडेला चेमटलेला. तिने तो घाबरत घाबरत भरून दिला. म्हातारा तोंड लावून प्याला. घटाघटा. मग उरलेलं पाणी शेजारी उभ्या माझ्या आईला दिलं, "तू पण पी" म्हणून. त्याचं उष्टं. आईही प्याली.

बस. एवढ्यावर माझी आई ख्रिस्ती झाली. लोक म्हणतात, पैसे दिले, गहू दिले, फसवलं. कुणी काही दिलं नाही. उलट तोच पाणी पिऊन गेला. आई मला पुढे पुष्कळदा सांगायची, "ज्याचा माणूस आपल्या पेल्यानं पितो, तो देव आपला."

आत्या मात्र झाली नाही. तिने म्हाताऱ्याला भाकरी घातली, गाणी ऐकली, पण आपला वाघदेव सोडला नाही. "मला माझा पुरं हाय," म्हणाली. म्हातारा हसला. पुढच्या खेपेलाही तिच्याच ओसरीवर बसला, त्याच पेल्याने प्याला.

तो म्हातारा वारला. मग खाली हायवेच्या बाजूला पत्र्याची शेड उभी राहिली, पास्टर आले, खुर्च्या आल्या, माईक आला. शहापूरहून नोकरीवाली, दुकानवाली कुटुंबं दर रविवारी गाड्यांनी यायला लागली. ती पुढे बसत. वाडीची माणसं मागे, चपला काढतात तिथे. बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीच बसलो. आम्हाला आमची जागा न सांगता कळते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. भाकरीचा तुकडा सगळ्यांना मिळायचा. मग कपांचा ट्रे पुढून निघायचा आणि आमच्या रांगेशी आला की कप संपायचे. दर महिन्याला. बरोबर आमच्याच रांगेशी.

मला ते कधी खटकलं नाही, हे मी आज सांगते तेव्हा माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. कारण ते कप मीच धूत होते.

मोठी झाल्यावर हायवेवरच्या ढाब्यात भांडी घासायला लागले. पास्टरबाईंना, म्हणजे पास्टरांच्या बायकोला, ते कळलं. त्या म्हणाल्या, "तुझा हात स्वच्छ आहे. प्रभुभोजनाचे कप तू धूत जा. ही मोठी सेवा आहे." मी हरखून गेले. वाडीतल्या कुणालाच अशी सेवा नव्हती. उपासना झाली की मी शेडच्या मागे नळावर बसायची. दोन ट्रे असत. पहिल्यातले कप चिकट, तळाला लाल थेंब. दुसऱ्या ट्रेवर क्रोशाचा पांढरा रुमाल घातलेला. तो रुमाल मी उचलायची, त्याखालचे कपही पाण्यात घालायची, घासायची, पुसायची. ते कप कोरडे असत. एकाही कपाला रसाचा वास नसे. ते कुणी प्यायलेलेच नसत.

मी कोरडे कप धूत होते. वर्षानुवर्षं. आणि त्याच सकाळी "कप संपले" म्हणून ओंजळीत प्यायलेली असायची. हातात कप, समोर पाणी, डोक्यावर लख्ख ऊन. तरी दिसलं नाही. कधी मनात आलंच तर मी म्हणायची, पाहुण्यांसाठी ठेवले असतील. पाहुणे कधीच आले नाहीत.

आणखी एक दिसलं नाही. तेही सांगते, नाहीतर ही साक्ष अर्धी राहील.

पास्टर शिकवायचे, दुसऱ्या देवाचा प्रसाद खाऊ नका. ठीक. मी प्रसाद सोडला. पुढे माझ्या मनानेच त्याला जोडत गेले. लग्नाचं जेवण सोडलं. मग वाघदेव मानणाऱ्या घरचं पाणी सोडलं. पाण्याचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण सोडलं की उंच झाल्यासारखं वाटायचं. शेडमध्ये मी शेवटच्या रांगेत असले, तरी वाडीत पहिली होते. कप धुणारी. पवित्र.

आत्या दरवर्षी पौषात मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेला जायची. एकदा परत आली ती मला हाक मारत. ओसरीवर बसवलं, पुडीतला खाजा काढला. मी म्हटलं, नको. मग तिने पाणी आणलं. त्याच जर्मनच्या पेल्यात. मी हात मागे घेतला.

"तुझ्या घरचं चालत नाय मला आता," मी म्हटलं.

ती पेला धरून उभी राहिली. मला वाटलं, चिडेल, बोलेल, शिव्या घालेल. आत्याची जीभ काही साधी नाही.  पण ते पाणी तिने तुळशीला घालावं तसं अंगणातल्या शेवग्याच्या मुळाशी ओतलं आणि आत गेली. मी घरी येऊन प्रार्थना केली. मला सामर्थ्य दिलंस म्हणून देवाचे आभार मानले.

आभार मानले! आज त्या प्रार्थनेची आठवण झाली की तोंड कुठे लपवावं ते कळत नाही.

गेल्या वर्षी आईला लकवा मारला. शहापूरच्या दवाखान्यात पडून होती. जीव वाचला, पण डावी बाजू गेली. डावा हात लाकडासारखा मांडीवर पडलेला असतो. बोलणं जड झालं, तरी समजतं. बरी होऊन घरी आली तशी एकच धोशा. "मला भोजनाला ने. मला भोजनाला ने." वाडीपासून हायवेपर्यंत दोन पोरांनी तिला खुर्चीत उचलून आणली. नेमका पहिला रविवार होता.

त्या दिवशी पास्टरांचा संदेश होता आंधळेपणावर. नवी गाडी घेतली होती त्यांनी, म्हणून उदाहरण गाडीचंच. "गाडीला आरसे असतात," ते म्हणाले, "तरी एक बाजू आरशात येत नाही. नेमका तिथूनच ट्रक येतो. तसंच आत्म्याचं आहे. आपण प्रार्थना करतो, गाणी गातो, कमाईचा दशांश देतो. पण आपल्या प्रत्येकाची एक आंधळी बाजू असते. आज प्रभूला विचारा, माझी कुठली? आणि उठून सांगा. आणि त्याच्याकडे परत या."

छान बोलले. मला आवडलं. खरं ते खरं.

मग एकेक जण उठू लागला. एक मास्तर म्हणाले, मी मोबाईल फार बघतो. एक बाई म्हणाल्या, मी सुनेवर चिडते. एकाने सांगितलं, सकाळची प्रार्थना चुकते. मंडळीच्या वडिलांनी, त्याच जगवाल्यांनी, डोळ्याला रुमाल लावला आणि म्हणाले, "मला मानाची हाव आहे. प्रभू, मला क्षमा कर." सगळे म्हणाले, "आमेन." मीही म्हटलं. पास्टरबाई रडल्या. शेडभर रडणं सुरू झालं. वाटलं, देव आज इथे उतरलाय.

मग भोजन. भाकरीचा तुकडा आला. आईने उजव्या हाताने घेतला, तोंडात घातला, डोळे मिटले. ट्रे पुढून निघाला. रांगेमागून रांग. आमच्या रांगेशी कप संपले.

मंडळीचे वडील जग घेऊन आले. डोळे अजून ओले होते त्यांचे. वाकून आईला म्हणाले, "ओंजळ धरा, बाई."

आईने उजवा हात पुढे केला. डावा उचलायचा प्रयत्न केला. तो मांडीवरून हलला, पडला. पुन्हा हलला, पडला. एका हाताची ओंजळ होत नाही. तिने एकच हात वाडग्यासारखा वाकवला. धार पडली. रस बोटांच्या फटींतून निघून गेला, साडीवर, जमिनीवर. तिने हात तोंडाशी नेला तेव्हा त्यात काहीच उरलं नव्हतं. ती ओल्या हाताकडे बघत राहिली. मग वर बघून म्हणाली, "झालं?"

तेव्हा मला दिसलं.

कसं सांगू? काही आवाज आला नाही, उजेड पडला नाही. फक्त नळावरचे कप दिसले. कोरडे. मी स्वतः घासून, पुसून, रुमालाखाली लावून ठेवलेले.

मी म्हटलं, "आईला कप द्या."

"कप संपलेत, ताई."

"संपले नाहीत. रुमालाखाली आहेत. मी धुते ते."

 मंडळीच्या वडिलांनी पास्टरांकडे बघितलं. पास्टर खाली बघू लागले. वडील दबक्या आवाजात म्हणाले, "हे बघा, राग मानू नका. तुमच्या वाडीत खोकल्याची माणसं असतात. सगळ्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे."

"मग धुवायला माझे हात कसे चालतात?"

 मेजाकडे जाऊन मी रुमाल उचलला. ट्रेभर कप. चकचकीत. कुणी ओरडलं नाही, कुणी अडवलं नाही. सगळे फक्त दुसरीकडे बघत होते. आत्ता ज्यांनी रडून रडून आपली आंधळी बाजू सांगितली, ती सगळी माणसं.

पास्टरबाई उठून माझ्याजवळ आल्या. माझ्या खांद्याला हात लावला नाही, पण आवाज मायेचा होता. "एवढ्याशा कपासाठी मन कडू करू नकोस. हा गर्व आहे. हीच तुझी आंधळी बाजू आहे बघ. प्रभूने आज तुला दाखवली."

 तेवढ्यात मागून मंडळीच्या वडिलांचा आवाज आला, जणू काही मोठा तोडगा सापडलाय असा. "थांबा. बाई, तुम्ही आ करा. मी वरून घालतो."

आणि माझ्या आईने आ केला.

मान मागे टाकून, डोळे मिटून. तोंड एका बाजूला ओढलेलं, लाळ गळणारी माझी आई, पाखराच्या पिलासारखी तोंड उघडून बसली. ते जग उचलत होते. मी धावले आणि आईच्या तोंडावर हात ठेवला. रस माझ्या हातावर पडला.

"नाही," मी म्हटलं. "कपाने. नाहीतर नाही."

पास्टर तेव्हा पहिल्यांदा बोलले. "प्रभूच्या मेजासमोर तमाशा नको. बाहेर जा."

आम्ही बाहेर आलो. पोरांनी खुर्ची उचलली. वाडीची बाकीची माणसं उठली नाहीत. ओंजळी धरून बसून राहिली. मी त्यांना दोष देत नाही. मीही तेच करत होते.

 डोंगर चढून घरी आल्यावर उजव्या हाताने आईने मला मारलं. जोर नव्हता हातात. "माझा घास तोडलास," म्हणाली. "देव दारात आला व्हता. तू हाकललास."

"आई, ते वरून ओतत होते."

"मंग? गोड तर व्हतं."

 मी ऊर बडवून घेतला. आई भिंतीकडे तोंड करून निजली.

पुढचा महिना मी शेडमध्ये गेले नाही. पास्टर वाडीत आले नाहीत. पूर्वी आजाऱ्याला घरी येऊन भोजन देत, आईकडे कुणी फिरकलं नाही. कप धुवायला वाडीतलीच दुसरी एक बाई ठेवली. तिला आनंद झाला. मला येऊन सांगून गेली, सेवा मिळाली म्हणून. मी तिला म्हटलं, दुसऱ्या ट्रेतले कप हाताने बघ, कोरडे असतात. ती म्हणाली, "पावन्यांसाठी असतील."

आईला भोजन हवं होतं. मी मुरबाडच्या बाजारातून मनुका आणल्या, उकळल्या, भाकरी मोडली. कप नव्हता, म्हणून घरातली कपबशी घेतली, कप भरून तिच्या ओठांशी धरला. मला वाटलं, येशूने त्या रात्री एकच पेला सगळ्यांत फिरवला. सगळ्यांची तोंडं त्याच पेल्याला लागली, त्याला शत्रूंच्या हाती धरून देणाऱ्या शिष्याचंही. मग मी का देऊ नये?

आईने तोंड फिरवलं. "ह्ये खरं नाय. तू कोन? पास्टर हायस?"

तो रस मी मोरीत ओतला. आणि त्या दिवशी प्रार्थना बंद केली. म्हटलं, पुरे. देव असला तर पुढच्या रांगेत बसतो. आमच्यापर्यंत येईतो संपतो.

बरेच दिवस तसे गेले. ढाब्यात भांडी, घरी आई. गाणं नाही, प्रार्थना नाही. रागसुद्धा आटला. एका दुपारी ढाब्यावरून चढून येताना चक्कर आली. ऊन टळटळीत होतं. जवळचं घर म्हणजे आत्याचं. तिच्या ओसरीला टेकले. इतकी वर्षं त्या ओसरीला पाय लावला नव्हता.

आत्या बाहेर आली. म्हातारी झालीय आता, कंबरेत वाकलीय. माझ्याकडे बघून आत गेली आणि तोच पेला घेऊन आली. चेमटलेला, जर्मनचा. भरून.  वाटलं, आता हिच्या पायाशी डोकं ठेवावं, पेला घ्यावा, आणि सगळं धुऊन जावं.

मी हात पुढे केला.

आत्याने पेला वर उचलला. "ओंजळ धर," म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, रागही नव्हता. सरळ म्हणाली, "माझ्या घरचं चालत नाय ना तुला? माझ्या पेल्याला तोंड लावलंस तर बाटशील. धर वंजळ. वरून घालते."

ती मला बोचायला बोलली नव्हती. तिने माझा नियम पाळला होता. मी जे सांगितलं, ते ती खरं धरून बसली होती, इतकी वर्षं. जाती-जातीत असतं तसं हेही एक असेल, असं समजून. माझ्या सख्ख्या आत्याने मला तिच्यापेक्षा उंच जागा दिली होती, आणि ती जागा मीच मागून घेतली होती. शेडमधल्या रुमालाखाली कप होते. माझ्या रुमालाखाली हा पेला होता. म्हाताऱ्याने ज्याला तोंड लावलं, ज्याच्यामुळे आम्हाला देव कळला, तोच.

पास्टरबाई म्हणाल्या होत्या, तुझी आंधळी बाजू आहे. होती. त्यांनी दाखवली ती नव्हे, पण होती. त्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

"आत्या, पेला दे. चालतं मला. तेव्हा मी चुकले."

"नको बाय," ती म्हणाली. "आज म्हनशील चालतं. उद्या खाली जाशील, तिकडं कोन काय सांगल. परत माझ्या तोंडावर म्हनशील नाय चालत. मी एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा नाय ऐकायचं."

तिचं बरोबर होतं. मी ओंजळ धरली. तिने वरून घातलं. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मी प्याले. ती पेला घेऊन आत गेली. दार लावलं नाही, पण ये म्हणालीही नाही.

त्या संध्याकाळी मी पुन्हा प्रार्थना केली. मोरीत रस ओतल्यापासून पहिलीच. लांबलचक नाही. "देवा, मी तुझ्याकडे पाठ करून तुझेच कप धूत होते," एवढंच. उत्तर आलं नाही. हलकंही वाटलं नाही. काही वाटेल अशी आता आशाही नाही. पण पाठ फिरवली होती ती पुन्हा वळवली. परत येणं म्हणजे एवढंच असेल, तर मी परत आले आहे.

काही बदललेलं नाही. शेडमध्ये ओंजळी धरल्या जातात. वाडीच्या माणसांनी मला टाकलं आहे, माझ्यामुळे पास्टर वर येत नाहीत म्हणून. आई खंगत चाललीय. दाराकडे तोंड करून पडते आणि रविवार आला का विचारते. तिचं भोजन राहून जाईल, हे मला दिसतंय. तिला कप कधीच मिळणार नाही, हेही दिसतंय. आता सगळंच दिसतं, त्याचं काय करायचं ते कळत नाही.

एवढं मात्र कळतं. येत्या पहिल्या रविवारी मी आईला घेऊन खाली जाणार. पुढच्या रांगेत बसवणार. आईसाठी कप मागणार. देणार नाहीत. बाहेर काढतील. पुढच्या महिन्यात परत नेणार, परत मागणार. आई असेपर्यंत तिच्यासाठी, ती गेल्यावर माझ्यासाठी. रोज ढाब्यावरून येताना आत्याच्या ओसरीवर थांबते. रोज ती वरून पाणी घालते, रोज मी ओंजळ धरते. ती म्हणेल तितके दिवस धरीन, मरेपर्यंत धरीन, कारण ते माझं पाप आहे.

शेडमध्ये धरणार नाही. ते त्यांचं पाप आहे, आणि ते मी माझ्या हातात घेणार नाही.